बायकोला यायला परवानगी आहे का? शंभराहून अधिक वर्षांचा जुना प्रश्न आणि आपले दोन तालुके

लग्नसराई संपली की जुन्नर-आंबेगावात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पोरीचा व्हिसा आला का?"

ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, कळंब. कुठल्याही गावात जा, चार-दोन घरं अशी सापडतातच. मुलगा अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात किंवा जर्मनीत. सुट्टी काढून आला, धूमधडाक्यात लग्न झालं, पंधरा दिवसांत परत गेला. नवी नवरी सासरी नाही, माहेरी नाही, अशी मधल्यामध्ये लटकलेली. सहा महिने झाले की शेजारपाजार कुजबुजायला लागतो. वर्ष झालं की मुलीची आई देवाला नवस बोलते. दीड वर्ष झालं की कुणीतरी तोंडावर म्हणतंच, "नांदवायचीच नव्हती तर लग्न कशाला केलं?"

मंडळी, यातल्या बहुतेक घरांत नवऱ्याची काही चूक नसते आणि मुलीची तर नसतेच नसते. चूक शोधायचीच तर ती फार जुनी आहे. आज जरा इतिहासात जाऊ. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट. ही कागदपत्रांची भानगड कायमची नाही.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. नवरा सोबत नव्हता. गोपाळराव मागाहून गेले. तिथे उतरताना 'तुमचा नवरा कुठे आहे, तो काय कमावतो, लग्नाचा दाखला दाखवा' असं विचारणारा व्हिसा अधिकारी नव्हता, कारण व्हिसाच नव्हता. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी केली होती, पण भारतीयांसाठी दार अजून उघडं होतं. आनंदीबाईंना विरोध झाला तो इथे, आपल्याच लोकांकडून. सरहद्दीवर झाला नाही. भारतात पासपोर्टचा पहिला कायदासुद्धा १९२० सालचा.

आपल्या जुन्नरचंच बघा ना. नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकात जमा व्हायची असं आपण लहानपणापासून ऐकतो. जकात मालावर होती. जुन्नरच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बाहेरून आलेली माणसं इथे राहिली, त्यांनी दानं दिली आणि त्यांची नावं आपल्या डोंगरावर राहिली.

मग नवरा-बायकोच्या मधे सरहद्द आली कधी?

याचं एक ठळक उत्तर आहे. तारीख १४ मार्च १९१३. ठिकाण दक्षिण आफ्रिका.

तिथे हजारो भारतीय होते. कुणी उसाच्या मळ्यात आणि कोळशाच्या खाणीत करारावर गेलेले मजूर, कुणी व्यापारी. हसन इसप नावाच्या गृहस्थांनी भारतात मुस्लिम पद्धतीने लग्न केलं आणि पत्नी बाई मरियम यांना तिकडे नेलं. सरकारने बाईंना प्रवेश नाकारला. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करायची मुभा आहे, त्या धर्माच्या रिवाजाने लागलेलं लग्न इथल्या कायद्याने लग्न ठरत नाही. म्हणून ही बाई कायद्याने पत्नी नाही आणि पत्नी म्हणून तिला आत येता येणार नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. हा निकाल एका जोडप्यापुरता राहिला नाही. सप्तपदी घालून लग्न केलेल्या, निकाह लावलेल्या, अग्यारीत लग्न लागलेल्या तिथल्या सगळ्या भारतीय बायका एका फटक्यात 'पत्नी' राहिल्या नाहीत. मुलांच्या वारसाहक्कावर प्रश्न आला. गावाकडे भेटायला आलेल्या बाईला परत येऊ देतील की नाही, याची खात्री राहिली नाही. एकदा सरहद्द ओलांडली की परत घर दिसेल का, ही आजची जी भीती आहे ना, ती इथे कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे लिहिली गेली.

तोपर्यंत गांधीजींच्या सत्याग्रहात बायकांना मुद्दाम पुढे आणलं नव्हतं. या निकालाने चित्र बदललं. अपमान थेट बायकांचा होता.

त्या वेळी तिथे आणखी एक नियम होता. एका प्रांतातल्या भारतीयाला दुसऱ्या प्रांतात परवान्याशिवाय जाता येत नव्हतं. देश तोच, पण मधे सरहद्द. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातली सोळा माणसं नाताळ प्रांतातून ट्रान्सवालकडे निघाली. त्यात चार बायका होत्या आणि त्यांतल्या एक कस्तुरबा. वय ४४. आपली ओळख पोलिसांना सांगायची नाही असं ठरलेलं, नाहीतर मोठ्या माणसाची बायको म्हणून सोडून देतील. व्होल्क्सरस्टला सगळ्यांना अटक झाली. २३ सप्टेंबरला शिक्षा झाली, तीन महिने सक्तमजुरी. कस्तुरबा सुटल्या त्या २२ डिसेंबरला, पार खंगून.

म्हणजे बायकोला बायको म्हणून मान्यता मिळावी यासाठी एका बाईने विनापरवाना सरहद्द ओलांडली आणि तुरुंग पत्करला.

ट्रान्सवालच्या बायकांची एक तुकडी उलट बाजूने नाताळमध्ये शिरली आणि न्यूकॅसलच्या खाणमजुरांपर्यंत पोचली. मजुरांनी काम बंद केलं. ६ नोव्हेंबर १९१३ ला जो मोर्चा सरहद्दीकडे निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं होती. वालियम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली.

आता यात पुणे कुठे येतं? येतं ना.

गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनचे प्राध्यापक, १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढणारे. १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. करारातून सुटलेल्या मजुरांवर ३ पौंडांचा वार्षिक कर होता, तो काढू असं तिथल्या सरकारने आपल्याला सांगितलं, असं गोखल्यांचं म्हणणं होतं. सरकारने नंतर हात वर केले. १९१३ च्या लढ्यात गोखल्यांनी तब्येत ढासळलेली असताना इथे पैसे जमवले, सरकारवर दबाव आणला, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे पाठवलं. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासला जाहीरपणे त्या भारतीयांची बाजू घेतली. इंग्रजांचा व्हाइसरॉय इंग्रजी साम्राज्यातल्याच एका सरकारवर टीका करतो, ही त्या काळी केवढी मोठी बातमी असेल, विचार करा.

३० जून १९१४ ला गांधी आणि स्मट्स यांच्यात तडजोड झाली. भारतीय दिलासा कायदा आला. ३ पौंडांचा कर गेला. एका नवऱ्याची एक बायको कायद्याने मान्य झाली आणि तिला व तिच्या लहान मुलांना प्रवेशाचा हक्क मिळाला. प्रांतांमधल्या सरहद्दी मात्र तशाच राहिल्या. विजय होता, पण मर्यादित. तो मर्यादित विजयही तुरुंगात जाऊन मिळवावा लागला.

त्याच कस्तुरबा पुढे पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना गेल्या. तारीख २२ फेब्रुवारी १९४४. वालियम्मा गेली त्याला बरोबर तीस वर्षं झाली होती. आपण नगर रोडने पुण्याच्या विमानतळाकडे जाताना त्या वास्तूवरून जातो. व्हिसा आलेली आपली लेक जाते ती साधारण त्याच रस्त्याने.

दक्षिण आफ्रिकेपुरतंच हे होतं असं समजू नका.

कॅनडाने १९०८ साली नियम केला, की आपल्या देशातून थेट, मधे न थांबता आलेल्यालाच उतरू देऊ. भारतातून थेट बोट मिळणं जवळपास अशक्य होतं. कायद्यात 'भारतीय' हा शब्दही न लिहिता भारतीयांना बंदी झाली. आधी पोचलेले पंजाबी पुरुष तिथे राहिले, बायका इकडे. १९१२ च्या जानेवारीत भाग सिंग आणि बलवंत सिंग हे व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे दोन पुढारी बायका-मुलांना घेऊन परतले. पुरुषांना उतरू दिलं, बायका-मुलांना परत पाठवायचा हुकूम निघाला. बराच गदारोळ झाल्यावर 'मेहेरबानी' म्हणून त्यांना राहू दिलं. हक्क म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. १९१४ साली कोमागाटा मारू जहाज ३७६ प्रवाशांसह दोन महिने बंदरात अडवून ठेवलं आणि शेवटी बहुतेकांना परत पाठवलं. बायको आणि लहान मुलं आणायची परवानगी कॅनडाने दिली ती १९१९ साली, पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी रक्त सांडल्यानंतर.

अमेरिकेने १९१७ साली आशियाचा बहुतांश भाग 'प्रतिबंधित क्षेत्र' ठरवला. १९४६ साली दार किंचित उघडलं. किती? संपूर्ण भारतासाठी वर्षाला १०० माणसं. आज आपल्या एका गावच्या लग्नाच्या पंगतीत याहून जास्त माणसं बसतात. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. त्यात नागरिकाच्या नवरा-बायकोला संख्येची मर्यादा ठेवली नाही. पण ग्रीन कार्डवाल्याच्या नवरा-बायकोला ठेवली. ही एक ओळ आजही आपल्या कित्येक घरांत रडू आणते. तिच्याकडे येतोच.

इंग्लंडची गोष्ट तर ऐकवत नाही. १९६९ पासून बायका-मुलांना निघण्याआधीच, आपल्या देशातून प्रवेश दाखला काढायची सक्ती झाली. रांगा वाढल्या. मुलाखतीत नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचे. घराला खोल्या किती, लग्नात कोण कोण होतं. उत्तरं जुळली नाहीत तर लग्न खोटं. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय बाईची कौमार्य चाचणी केली गेली. पेशाने शिक्षिका होती ती. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर सरकारला ही चाचणी थांबवावी लागली. एका बातमीने एवढं होऊ शकतं, हे आमच्या धंद्यातल्या पोरांना मी नेहमी सांगतो.

१९८५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इंग्लंडला सुनावलं, की बायका आणायला सोपं आणि नवरे आणायला अवघड, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. मग इंग्लंडने काय केलं? नवऱ्यांसाठी सोपं नाही केलं. बायकांसाठीही तेवढंच अवघड केलं! झाली समानता.

आता आजचं.

या सगळ्या नियमांत एक पेच आहे, तो समजून घ्या. बायकोचा कायमचा अर्ज तिकडे पडून आहे. वेळ लागणार आहे. मग माणूस म्हणतो, तोवर पर्यटक म्हणून दोन महिने भेटून येऊ दे. सरळ माणुसकीची गोष्ट. पण अमेरिकेचा पर्यटक व्हिसा हवा तर अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं की मी परत येणार. आणि तुमचा नवरा तिथे आहे, तुमचा कायमचा अर्ज तिथे आहे, हाच तुम्ही परत येणार नाही याचा पुरावा धरला जातो. म्हणजे नवऱ्याला भेटायची गरज जितकी खरी, तितकं भेटणं अवघड.

अमेरिकेलाही हे कळत होतं. २१ डिसेंबर २००० रोजी तिथे कायदा झाला आणि 'व्ही' नावाचा व्हिसा आला. ग्रीन कार्डवाल्याच्या नवरा-बायकोने तीन वर्षं वाट पाहिली असेल तर पुढची वाट तिकडे एकत्र राहून पाहावी, अशी सोय. पण अट अशी, की अर्ज त्या तारखेपर्यंतच दाखल झालेला हवा. त्यानंतरच्या जोडप्यांना ही सोय नाही. उपाय माहीत आहे, एकदा करूनही पाहिलाय, पण पुढच्यांसाठी दार बंद.

यातून आपल्याकडे एक विचित्र गोष्ट घडते. मुलगा एच-वन-बी व्हिसावर असताना लग्न झालं तर बायको एच-फोर व्हिसावर लगेच जाऊ शकते. तोच मुलगा ग्रीन कार्ड मिळाल्यावर लग्न करतो तेव्हा बायकोला मर्यादित संख्येच्या रांगेत उभं राहावं लागतं. आपण काय समजतो? ग्रीन कार्ड आहे म्हणजे स्थळ पक्कं! मंचर भागातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने एवढ्याच कारणासाठी स्थळ घाईने पक्कं केलं होतं. लग्न झाल्यावर त्यांना कळलं की हेच ग्रीन कार्ड मुलीला इथे अडकवून ठेवणार आहे. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सोयरीक करताना कांद्याची वखार, जमीन, पगार सगळं विचारतो आपण. व्हिसा कोणता आणि लग्न त्याच्या आधी की नंतर, हेही विचारा.

दुसरी काळजी जाऊन पोचलेल्यांची. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डचा अर्ज केलाय आणि तो प्रलंबित आहे, अशा वेळी आजी आजारी म्हणून घाईने विमानात बसायचं नाही. आधी प्रवासाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच आणि एल व्हिसावाल्यांना यात वेगळा नियम आहे, तोही तपासून घ्यावा. कॅनडात आत राहून केलेल्या अर्जाचंही तसंच. बाहेर पडलात आणि परत आत घेतलं नाही तर अर्ज अडचणीत येतो. त्यातल्या त्यात कॅनडाचा कायदा एक समजूतदार गोष्ट सांगतो, की कायम राहायची इच्छा आहे एवढ्याच कारणाने तात्पुरत्या भेटीला नाही म्हणता येत नाही. तरी मुदत संपल्यावर परत जाल हे पटवावं लागतंच.

इंग्लंडमध्ये पर्यटक म्हणून जाऊन तिथल्या तिथे पत्नीचा व्हिसा करून घेता येत नाही. शिवाय तिथल्या नवऱ्या-बायकोचं उत्पन्न ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड हवं अशी अट आली, आधी ती १८,६०० होती. जर्मनी २००७ पासून बहुतेक जोडीदारांकडून सुरुवातीच्या पातळीची जर्मन भाषा परीक्षा मागते. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना त्यातून सूट आहे.

आणि एजंट सांगतो म्हणून खोटं बोलू नका. 'लग्न झालंच नाही असं लिही', 'बहिणीकडे चालले म्हण', असले सल्ले मिळतात. असं पकडलं गेलं तर कॅनडा पाच वर्षं, इंग्लंड दहा वर्षं आणि अमेरिका कायमचंही दार बंद करू शकते. दोन महिन्यांच्या भेटीसाठी संसार पणाला लावायचा का?

फक्त परदेशांवर टीका करून थांबणं बरोबर नाही. आपल्या देशातही परदेशी बायकोला ओसीआय कार्ड हवं असेल तर नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि अटारीची सरहद्द बंद झाली, तेव्हा भारतीय पासपोर्ट असलेल्या पण सासर पाकिस्तानात असलेल्या बायका फाटकाशी अडकल्या. माहेरी भेटायला आल्या होत्या. सुरक्षेचा प्रश्न खराच होता. त्या बायकांचा संसारही खराच होता.

१९१३ पासून आजपर्यंत नियम किती बदलले! पण अधिकारी विचारतो ते तेच. हे लग्न खरं आहे, हे कागदावर दाखवा.

म्हणून शेवटी एकच काम सांगतो, जे आपल्या हातात आहे. आपल्या राज्यात लग्न नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. तरीही आपण मांडवाला लाखो रुपये घालतो आणि नोंदणी 'बघू नंतर' म्हणून ठेवतो. मग व्हिसाच्या वेळी धावपळ. दाखल्यावर वेगळं नाव, आधारवर वेगळं, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, पत्रिकेवर भलतीच तारीख.

परदेशचं स्थळ असो नसो, लग्न झालं की पहिल्या ९० दिवसांत नोंद करा. नावाची अक्षरं सगळीकडे सारखी आहेत का ते त्याच दिवशी तपासा. ग्रामपंचायतींनीही हळदीच्या आठवड्यातच घरी फॉर्म पोचवायची पद्धत सुरू करावी. घरपट्टीची पावती पोचते, तसा हाही पोचेल.

आणि ज्या घरात लेक वाट बघत बसली आहे, तिथे जाऊन "अजून इथेच?" असं विचारू नका. तिच्याकडे जाऊन म्हणा, चल, कागद दाखव, काही राहिलंय का बघू.